चहा, चाय, चा, टी : एका शब्दाचा माग कसा काढावा

बडोद्यातल्या मराठी घरात सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात एकाच पेयाची चार नावं कानावर पडतात. स्वयंपाकघरात चहा, शेजारच्या गुजराती घरात चा, टीव्हीवरच्या हिंदीत चाय, आणि कपाटातल्या खोक्यावर ग्रीन टी. हे चार शब्द मुळात एकच आहेत. एकाच चिनी शब्दाची ही रूपं, वेगवेगळ्या बंदरांतून आणि वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून फिरत आपल्यापर्यंत पोचली. ते ओळखायला भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. शब्दाचं पहिलं अक्षर, त्याची शेपूट आणि वाक्यातलं त्याचं वागणं या तीन गोष्टी नीट पाहता आल्या की बराचसा इतिहास उलगडतो.

एक आडवा फुलस्केप कागद घ्या आणि त्यावर चार रकाने आखा. पहिल्यात शब्द जसा ऐकला तसा, दुसऱ्यात बोलणाऱ्याची मातृभाषा आणि मूळ गाव, तिसऱ्यात त्या भाषेत शब्दाचं लिंग, चौथ्यात त्या शब्दापासून झालेले जोडशब्द. दहा माणसं आणि सहा भाषा एवढं जमलं की काम सुरू करता येतं. बडोद्यात हे अवघड नाही. रिफायनरी आणि खतकारखान्याच्या वसाहतींमुळे पंजाबी, बंगाली, मल्याळी, तमिळ, सिंधी, उडिया बोलणारी घरं शहरात आहेत. भाषा शेजारी शेजारी मांडण्याची रीतही इथे जुनी आहे. १९३१ साली बडोदे संस्थानाने 'सयाजी शासन शब्द कल्पतरु' काढला, तो आठ भाषांत. तो राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश असल्याने चहासाठी उपयोगाचा नाही, पण रकाने कसे मांडावेत हे बघायला जरूर चाळावा.

शब्द गोळा करताना

पहिली चूक इथेच होते. 'तुमच्या भाषेत चहाला काय म्हणतात?' असं विचारलं की समोरचा माणूस हिंदीत उत्तर देतो आणि तुमच्या कागदावर दहा वेळा 'चाय' येतं. त्याऐवजी त्यांना आपल्या भाषेत दोन वाक्यं बोलायला सांगा: 'चहा झाला का?' आणि 'चहा गार झाला'. शक्य असेल तर घरातल्या सर्वांत वयस्कर बाईंना बोलतं करा, आजी-पणजीच्या तोंडी जुनं रूप टिकतं. रेकॉर्डर चालू ठेवा, कारण शेवटचा हलका 'ह' कानाला लगेच सुटतो आणि आपल्या कामाचा अर्धा पुरावा त्या 'ह'मध्येच आहे.

दुसऱ्या वाक्यातल्या क्रियापदावरून लिंग कळतं. मराठीत चहा झाला, हिंदीत चाय हो गई. गुजरातीत दोन्ही ऐकू येतात, 'चा सारी' आणि 'चा सारो' सुद्धा. सौराष्ट्राकडच्या बोलण्यात पुल्लिंग जास्त. एकाच मूळ शब्दाला शेजारच्या भाषांनी वेगवेगळं लिंग दिलं, कारण चिनी भाषेत नामांना लिंगच नाही. प्रत्येक भाषेने शब्द घेताना आपापल्या सोयीने ठरवलं. मराठीत आकारान्त नाम बहुधा पुल्लिंगी, म्हणून चहा पुल्लिंगी झाला असं धरायला हरकत नाही. बडोद्यात वाढलेल्या मुलांच्या तोंडी 'चहा ठेवली' आलं, तर तो हिंदी-गुजरातीचा शेजार आहे. कागदावर ते तसंच लिहा, दुरुस्त करू नका. गोळा करताना दुरुस्त केलेला शब्द पुराव्यातून बाद होतो.

कागद भरला की साधारण असं चित्र दिसेल. गुजराती, बंगाली, उडिया यांत चा. हिंदीत चाय, मल्याळममध्ये चाया. पंजाबी आणि भोजपुरीत चाह. मराठी आणि कन्नडमध्ये चहा. तमिळमध्ये रोज टी, आणि लेखी भाषेत तेनीर.

पहिलं अक्षर: च की त/ट

आता सगळे शब्द पहिल्या अक्षराप्रमाणे दोन गटांत लावा. जगातल्या बहुतेक भाषा या दोन गटांत बसतात. इंग्रजी टी, फ्रेंच ते, जर्मन टे, डच ते, मलाय तेह, सिंहली ते हे एका बाजूला. फारसी चाय, रशियन चाय, तुर्की चाय, पोर्तुगीज शा, जपानी आणि थाई चा हे दुसऱ्या बाजूला. अरबीत 'च' ध्वनी नसल्याने तिथे शाय झालं, ते याच दुसऱ्या गटातलं. पोर्तुगीज 'शा'चं लेखन आजही 'च'च्या जुन्या उच्चाराचं आहे, म्हणून तोही इथेच.

दोन गट दिसले की दोन वेगळी मुळं आहेत असं वाटतं. तसं नाही. चीनमध्ये या शब्दासाठी चिन्ह एकच आहे, ते वाचण्याचे उच्चार प्रांताप्रमाणे बदलतात. उत्तरेच्या आणि कॅन्टनच्या बोलींत तो 'च' वर्गातला, फूच्यान किनाऱ्यावरच्या मिन बोलीत 'ते'. अभ्यासकांनी केलेल्या पुनर्रचनेप्रमाणे मधल्या काळातल्या चिनीत हा शब्द मूर्धन्य 'ड'सारख्या ध्वनीने सुरू होत असे. जीभ मागे वळवून टाळूला लावायची, तोच आपला ट-ठ-ड-ढ वर्ग. इंग्रजी वाचकाला हा ध्वनी समजावून सांगावा लागतो, मराठी माणसाला तो जन्मापासून येतो. पुढे बहुतेक चिनी बोलींत त्या ध्वनीचं घर्षण वाढून 'च' झाला. मिन बोली त्याआधीच वेगळी फुटलेली होती, तिने आघात टिकवला. म्हणजे या जोडीत 'त' जुना आणि 'च' नवा.

हे पटवून घ्यायला आपल्याच भाषेकडे बघा. संस्कृत नृत्य, मराठी नाच. संस्कृत सत्य, मराठी साच. अद्य म्हणजे आज, विद्युत् म्हणजे वीज. दातामागचा त किंवा द, शेजारी य आला की च-ज होतो. चिनीत कारण निराळं होतं, तिथे 'य' नव्हता, पण जिभेचा प्रवास त्याच दिशेचा: पक्का आघात सैल होत घर्षणाकडे. नाच आणि नृत्य हे दोन वेगळे शब्द आहेत असं आपण म्हणत नाही. एक घासून आला, दुसरा ग्रंथातून जसाच्या तसा आला. चहा आणि टी यांचं नातं तसंच जवळचं आहे.

मग कोणाला 'च' मिळाला आणि कोणाला 'त', हे कशावर ठरलं? माल कुठल्या बंदरात घेतला त्यावर. पोर्तुगीज १५५७च्या सुमारास मकावमध्ये स्थिरावले. तिथली बोली कॅन्टनची, म्हणून त्यांच्याकडे 'च'. डच ईस्ट इंडिया कंपनीचा व्यवहार फूच्यानच्या व्यापाऱ्यांशी आणि जावातल्या बंदरांशी होता, म्हणून त्यांच्याकडे 'ते'. युरोपात सतराव्या शतकात चहा मुख्यतः डचांनी पोचवला आणि त्यांचा शब्द इंग्रजी, फ्रेंच, जर्मन यांनी उचलला. इंग्रजीत तो बराच काळ 'टे' असाच उच्चारला जाई, 'टी' हा उच्चार नंतरचा.

इथे एका लोकप्रिय नकाशाबद्दल सावध राहा. 'समुद्राने गेला तो टी, जमिनीने गेला तो चाय' असं सांगणारं चित्र सगळीकडे फिरतं. लक्षात ठेवायला सोपं आहे, पण ते तुमच्या कागदावर लागू केलं तर चुकीची उत्तरं देईल. पोर्तुगीज शब्द समुद्राने गेला आणि तो 'च'चा आहे. जपान बेट आहे, तिथे जमिनीने काही जाऊच शकत नाही, तरी तिथे चा. नियम लिहायचाच तर असा लिहा: फूच्यानच्या किनाऱ्यावरून उचलला तिथे त, बाकी सगळीकडून उचलला तिथे च.

दोन्ही गटांत न बसणारे थोडे शब्दही भेटतील. पोलिश हेर्बाता हा लॅटिन हेर्बा म्हणजे वनस्पती आणि पुढे ते, असा जोडलेला. म्हणजे पोटात 'त'च आहे. ब्रह्मदेशातलं लफेत मात्र खरंच वेगळं. तिथे चहाची पानं मुरवून खाल्ली जातात आणि नावही स्थानिक आहे.

शेपूट: नुसता आ, य, की ह

पहिल्या अक्षराने बंदर कळलं, शेपटीने मधला मुक्काम कळतो.

'य' असलेली रूपं, म्हणजे चाय, चाया आणि शाय, फारसीच्या वाटेवरची. फारसीत 'आ'ने संपणाऱ्या शब्दाला 'य' जोडून दुसरं रूप होतं. पाय म्हणून फारसी शब्द 'पा' आहे आणि 'पाय'ही आहे. आपल्या अंगावरच्या पायजम्यात तोच फारसी 'पाय' आणि पुढे 'जामा' म्हणजे वस्त्र. (मराठी 'पाय' संस्कृत पादवरून आलेला, दोघांचं दूरचं नातं असलं तरी पायजमा मराठी पायावरून झालेला नाही. असे जुळे शब्द फार फसवतात.) तशीच चा-चाय ही जोडी. याचा कागदोपत्री पुरावाही आहे: १५५९ साली व्हेनिसमध्ये रामुझिओने छापलेल्या प्रवासवर्णनांत एका इराणी व्यापाऱ्याने सांगितलेलं नाव शेवटी 'य'कार असलेलं, 'चिआई कताई' असं आहे, म्हणजे चीनचा चहा. उलट लिन्सखोटेन या डच प्रवाशाच्या पुस्तकाच्या १५९८ सालच्या इंग्रजी भाषांतरात 'चाआ' आहे, शेपटीशिवाय. लिन्सखोटेन गोव्यात पोर्तुगीजांजवळ राहिला होता आणि पोर्तुगीज रूपाला 'य' नाही. एकाच शतकातली ही दोन लेखनं शेजारी ठेवली की मुक्काम वेगळे होते हे स्पष्ट दिसतं.

गुजराती-बंगाली 'चा' नुसता आहे. नुसत्या 'चा'वरून वाट ठरवू नका. तो शेपूट न लागलेल्या फारसी रूपावरून येऊ शकतो, तसाच बंदरातल्या पोर्तुगीजांकडूनही येऊ शकतो. पुरावा दोन्हीकडे सारखाच लागू पडत असेल तेव्हा तो कुठल्याच बाजूने मोजायचा नाही, हा या कामातला सर्वांत उपयोगाचा नियम आहे आणि सर्वांत जास्त मोडलाही जातो.

मराठी 'चहा'चं कोडं मात्र छान सुटतं. पंजाबी-भोजपुरीतलं 'चाह' हे रूप घ्या आणि त्याच्याजवळ 'शाह' ठेवा. शाहचं मराठीत काय झालं? शहा. आदिलशाहचा आदिलशहा, बादशाहचा बादशहा. शब्दाच्या शेवटचा उघडा 'ह' मराठी जिभेला टेकायला जागा देत नाही, म्हणून मराठीने 'आ' उचलून शेवटी नेला. चाह-चहा हा त्याच साच्यातला बदल. एका शब्दावरून साचा सिद्ध होत नाही, पण शाह-शहा, बादशाह-बादशहा ही रांग आधीच उभी असल्याने चहाला त्यात जागा मिळते. कन्नडमध्येही चहा आहे, तो मराठीचा शेजार म्हणून बघावा.

शब्द परका आहे याचा पुरावा रोजच्या व्याकरणातही सापडतो. मराठीतली जुनी आकारान्त पुल्लिंगी नामं विभक्तीत बदलतात: घोडा-घोड्याला, आंबा-आंब्याचा. अनेकवचनही बदलतं: घोडे, आंबे. चहाचं तसं होत नाही. आपण चहाला, चहाचा म्हणतो, 'चह्याला' म्हणत नाही. दोन चहा सांगतो, दोन 'चहे' नाही. शहाचंही तसंच, शहाला. आपल्या साच्यात पूर्ण न मुरलेला शब्द असा ओळखू येतो. चौथा रकाना भरताना ही चाचणी प्रत्येक शब्दाला लावून बघा.

बरोबर न येणारे नातेवाईक

आता खोटी नाती वगळायची. मराठीत 'चह'ने सुरू होणारे काही शब्द चहाचे कोणी लागत नाहीत: चहाडी, चहाटळ, चहाता, चहूकडे. चहाता हा चाहणे या क्रियापदावरून, चहू हा 'चतुर्' म्हणजे चारवरून. गुजरातीत 'चाह' म्हणजे प्रेम, ओढ. हिंदीतही चाह म्हणजे इच्छा. त्यावरून 'ज्याची चाह वाटते तो चहा' अशी व्युत्पत्ती कोणीतरी हमखास सांगतं. ती फलकावर शोभते, कागदावर घेऊ नका. इच्छेचा शब्द या मातीतला आहे, पेयाचा शब्द पेयाबरोबर आला. फारसीत 'चाह' म्हणजे विहीर, तिचाही इथे संबंध नाही.

तमिळ तेनीरबद्दल अशीच चूक होते. 'तेन' म्हणजे मध, म्हणून तेनीर म्हणजे मधाचं पाणी असं सांगितलं जातं. फोड ते अधिक नीर अशी आहे: 'त' गटातला ते आणि पाणी.

आणखी एक समज तपासा: चहा इंग्रजांनी दिला, म्हणून शब्दही त्यांचा. शब्द 'च'चा आहे आणि इंग्रजी 'ट'चा, इथेच तो दावा पडतो. शिवाय तारखा बघा. आसामात रॉबर्ट ब्रूसला चहाची झाडं दिसली १८२३ साली, आसाम कंपनी निघाली १८३९ साली. पण आपल्या दक्षिणेला सुरतेत माण्डेल्सलो नावाचा जर्मन प्रवासी १६३८ साली आला तेव्हा तिथल्या इंग्रजांच्या बैठकीत रोज चहा होता. १६८९ साली सुरतेत असलेल्या ओव्हिंग्टन या पाद्र्याने तर वाणी लोक चहात गरम मसाले घालून उकळतात, डोकेदुखी आणि पोटातल्या कळांवर घेतात, खडीसाखर किंवा मुरवलेल्या लिंबाबरोबर पितात असं लिहून ठेवलं आहे. मळे लागण्याच्या दीडशे वर्षं आधी गुजरातच्या बंदरात वस्तू होती. वस्तू जिथे विकली जाते तिथे तिला नाव असतंच.

अर्थ वेगळे करताना

उगम शोधण्याच्या नादात अर्थ मागे पडतो. मराठी 'चहा'चे निदान पाच अर्थ क्रियापदाच्या आधाराने वेगळे करा. चहाचे मळे म्हणजे झाड. पाव किलो चहा आणा म्हणजे पूड. चहा उकळला म्हणजे पेय. रविवारी चहाला या म्हणजे भेट, सोबत पोहे असले तरी नाव चहाचंच. आणि चहापाणी म्हणजे पाहुणचार. कचेरीच्या दारात तोच शब्द लाचेचा होतो, गुजराती 'चा-पाणी'चंही तसंच. इंग्रजी टीला आणखी एक अर्थ आहे जो आपल्याकडे आला नाही: उत्तर इंग्लंडात टी म्हणजे संध्याकाळचं जेवण. भाषांतर करताना तिथे 'चहा' लिहिला तर माणसं उपाशी राहतात. उलट बाजूने, आपला चाय अलीकडे इंग्रजीत 'दूध-मसाल्याचा चहा' एवढ्याच अर्थाने गेला, म्हणून तिकडे 'चाय टी' म्हणतात. एकच शब्द दोन वाटांनी येऊन स्वतःलाच भेटला.

वनस्पतीच्या नावाने अर्थाची हद्द आखता येते. कॅमेलिया सायनेन्सिस या झुडपाच्या पानापासून झाला तो खरा चहा. काळा, हिरवा, पांढरा हे सगळे त्याच पानाचे, फरक फक्त पान किती आंबवलं-वाळवलं याचा. गवती चहा हे गवत आहे, तुळशीचा किंवा आल्याचा नुसता उकाळा हा काढा आहे. नाव चहाचं मिळालं ते कपात घेऊन गरम पितात म्हणून.

बडोद्यात या ठिकाणी दर वेळी घोळ होतो. गुजराती 'लीली चा' शब्दशः हिरवा चहा, पण अर्थ गवती चहा. खंडेराव मार्केटमध्ये 'लीली चा' मागितली की फुदिन्याजवळची हिरव्या पात्यांची जुडी हातात येते. खोक्यातला ग्रीन टी हवा असेल तर ग्रीन टी असंच म्हणावं लागतं. पूड हवी असेल तर गुजरातीत 'चानी भूकी', हिंदीत चायपत्ती. कागदावर या तिन्हींसाठी वेगळ्या ओळी ठेवा, नाहीतर दोन निराळ्या वनस्पती एकाच रकान्यात बसतील.

कोशात पडताळताना

कागद पुरा झाला की मगच कोश उघडा. आधी उघडला तर माणसं काय बोलतात ते ऐकू येत नाही, कोशातलंच ऐकू येतं. मराठीसाठी मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, गुजरातीसाठी गोंडलच्या भगवतसिंहजींचा नऊ खंडांचा भगवद्गोमंडल, हिंदी-उर्दूसाठी प्लॅट्सचा १८८४चा कोश. हे सगळे संगणकावरही शोधता येतात. छापील प्रती चाळायच्या तर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीच्या कोशविभागात विचारा. सयाजीरावांनी १९१०मध्ये उभारलेल्या ग्रंथालय चळवळीचं ते केंद्र. शोधताना चहा, चाहा, चाह, चा ही चारही रूपं टाका, एका रूपावर नोंद नसली की शब्दच नाही असं समजण्याची चूक होते. कंसातली व्युत्पत्ती वाचताना 'चिनी' आणि 'फारसी' यांत भांडण समजू नका: एक मूळ सांगतो, दुसरा वाट.

बडोदे संस्थानचे जुने मराठी कागद मोडीत आहेत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ओळ सलग चालते, त्यामुळे 'चहा' ही अक्षरं चहाडी किंवा चहाटळ यांच्या पोटातलीही असू शकतात. पुढची दोन अक्षरं वाचल्याशिवाय टीप करू नका. आणि आजूबाजूला साखर, दूध, पेला, आणे-पैसे यांपैकी काही नसेल तर ती जागा पेन्सिलने खूण करून ठेवा, शाईने नको.